बी पिंपातलं पाणी

१

"या पाण्यात पाण्याशिवाय दुसरं काही सापडलं, तर मी मिशी उतरवून देईन!"

संजीव कर्णिक हे माइकवर इंग्लिशमध्ये म्हणाला. मिशीचा आणि पाण्याचा काय संबंध, ते समोरच्या अमेरिकन मंडळींना कळलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅलिफोर्नियातल्या ओक मेसा गावात टाळ्या वाजवायला फार कारण लागत नाही.

संजीव म्हणजे ओक मेसा वॉटर बोर्डाचा प्रोजेक्ट डायरेक्टर. त्याच्या मागे त्याचा नवाकोरा कारखाना चकाकत होता. एका बाजूने गावातल्या संडास-मोऱ्यांचं पाणी आत जायचं आणि दुसऱ्या बाजूने काचेसारखं होऊन बाहेर यायचं. आजवर हे गाव डेल्टावर जगलं होतं. दोन मोठ्या नद्या समुद्राला मिळायच्या आधी जिथे एकमेकींच्या गळ्यात पडतात, त्या दलदलीच्या मुलखाला इथे सगळे नुसतं डेल्टा म्हणतात. अर्ध्या राज्याने त्यात आपापली स्ट्रॉ खुपसून ठेवली आहे. शेतकरी ओढतात, शहरं ओढतात, आणि तळाशी उरतं ते मासे आणि काठावरची गावं वाटून घेतात. उन्हाळ्यात तिथे पाण्यावर हिरव्या शेवाळाची साय धरते. म्हणून बोर्डाने प्लॅन केला होता, की आपलं वापरलेलं पाणी आपणच धुवून प्यायचं आणि डेल्टातली आपली स्ट्रॉ बारीक करायची.

टेबलावर तोटी लावलेली दोन काचेची पिंपं होती. ए पिंपात नेहमीचं डेल्टाचं नळाचं पाणी, बी पिंपात कारखान्याचं नवं पाणी. दोन्ही प्यायचं आणि कुठलं आवडलं ते सांगायचं.

संजीवने बी ची तोटी सोडली, ग्लासभर पाणी घटाघटा प्यायला, "आहाहा" केलं, आणखी एक ग्लास प्यायला. मग मेयरबाईंनी एक घोट घेतला. त्यांचा चेहरा हळूहळू शिळ्या भाकरीसारखा झाला. माइक चालू आहे हे विसरून त्या म्हणाल्या, "याला ओल्या कुत्र्याचा वास येतोय."

पद्मजा दिघे हे सगळं घरी सोफ्यावर बसून फोनवर लाइव्ह बघत होती. हातात चिवड्याची वाटी होती. ती रिटायर्ड पॅथॉलॉजिस्ट. आख्खी नोकरी लोकांची थुंकी, लघवी आणि शी सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात गेली, पण तिला कधी जेवण गेलं नाही असं झालं नाही. जंतूंची तिला किळस नव्हती. तिला किळस यायची ती माणसांची.

कार्यक्रमाला आलेल्या पेपरच्या बातमीदाराने बी पिंपातलं पाणी बाटलीत भरून लॅबला पाठवलं. त्याच आठवड्यात रिपोर्ट आला. संडासात सापडतात त्या जातीचे जंतू.

आणि त्याच संध्याकाळी पद्मजाच्या दारावर कुणीतरी दोन्ही हातांनी बडवलं.

२

दारात रीमा होती. डोळे सुजलेले, नाक लाल. इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली, आई पद्मजाची जुनी मैत्रीण. वॉटर बोर्डात ती लोकसंपर्काचं काम बघायची आणि त्या दिवशी टेबलामागे तीच उभी होती.

"मावशी, आय ॲम डन. ते मला फायर करणार आहेत."

"आधी आत ये. चप्पल काढ. नाक पूस. आता बोल."

"संजीव सर म्हणतात मी डिस्पेन्सर नीट धुतला नाही. मावशी, मी तो ब्लीचने धुतला, देन पुन्हा धुतला! कारखान्याच्या टॅपचं पाणी टेस्ट केलं तर पर्फेक्ट येतंय. सो ते म्हणतात, प्रॉब्लेम टेबलवरच झाला. टेबल मीन्स मी."

"संजीव असं म्हणतो? तुझ्या आईच्या हातची पुरणपोळी खाऊन गेलाय तो."

"गुरुवारी बोर्डाची मीटिंग आहे. अजेंड्यावर दोनच आयटम. एक, प्लॅन कॅन्सल करून परत सगळं पाणी डेल्टातून घ्यायचं. दोन, मी."

पद्मजाने चहा टाकला. "पिंपं कुणी भरली?"

"ए मी भरलं, ऑफिसच्या नळावर. बी सरांनी स्वतः गाडीतून आणलं. म्हणाले, इट्स माय बेबी. देन टेबलवर ठेवलं, आणि लोक आले. सरांच्या आईंनी, सुहासिनी आजींनी, दोन्हीला हळदीकुंकू लावलं, त्या देवांगने शेजारी स्टॉल लावला, गुरुदत्तकाका निषेधाचा बोर्ड घेऊन ओरडत होते. मी एक मिनिट बाथरूमला गेले. त्या मिनिटात कुणीतरी काहीतरी टाकलं. आय नो इट."

"उरलेलं पाणी आहे?"

रीमाने पर्समधून बाटली काढली. गाडीच्या डिकीत उन्हात तापून पाणी पिवळट झालं होतं. पद्मजाने झाकण उघडून नाक लावलं. रीमाला उमासा आला, ती तोंड फिरवून उभी राहिली.

पद्मजाने डोळे मिटले. कुजका वास होताच, डबक्याचा. पण त्या कुजक्याच्या खाली आणखी एक वास होता. जुना, ओळखीचा, अगदी जिभेच्या टोकावर असलेला. नाव काही केल्या येईना.

"तुला कसला वास आला होता गं त्या दिवशी? ताजा असताना?"

"सगळे म्हणाले वेट डॉग. मला... इट्स सिली, मावशी. मला सातारच्या आजीच्या घरात गेल्यासारखं वाटलं."

पद्मजाने झाकण घट्ट लावलं. आपल्या नाकाने आपल्याला दगा द्यावा याचा तिला फार राग आला.

३

दुसऱ्या दिवशी ती गुरुदत्तकाकांकडे गेली. गुरुदत्त जुने इंजिनियर, गावात सगळ्यात आधी आलेल्या मराठी मंडळींपैकी. 'टॉयलेट टू टॅप नको' या चळवळीचे ते अध्यक्ष, सेक्रेटरी आणि बहुतेक वेळा एकमेव सभासद. त्यांच्या घरापुढे फुटबॉल खेळता येईल एवढं हिरवंगार लॉन होतं. भर दुपारी त्याच्यावर फवारे उडत होते आणि निम्मं पाणी फुटपाथवरून गटारात चाललं होतं.

"गुरुदत्त, हे पाणी गटारात चाललंय."

"जाऊ दे की. डेल्टाचं आहे, शुद्ध आहे."

"डेल्टाला वरच्या गावांचं सांडपाणीच येतं. धुवून सोडतात ते."

"ते दुसऱ्यांचं! लांबून येतं, वाहून येतं. स्वतःचं प्यायचं म्हणजे..." काकांनी शहारून खांदे उडवले. "पद्मजाबाई, माणसाला काही मर्यादा असते की नाही?"

दुसऱ्याचं चालतं, स्वतःचं चालत नाही. पद्मजाला वाटलं, या वाक्यावर एखादा जंतूसुद्धा जगणार नाही.

"त्या दिवशी तुम्ही पिंपाजवळ होतात."

"मी? माझ्या दोन्ही हातांत बोर्ड होता! फोटो आहेत पेपरात. आणि मी कशाला काही टाकू? ते पाणी आपोआप घाणच असणार, याची मला खात्री होती. खात्री असलेला माणूस काही करत नसतो. नुसता ओरडतो."

हे मात्र पटण्यासारखं होतं.

"एक मानलं पाहिजे पण," काका म्हणाले. "संजीवने दोन ग्लास मारले, अगदी उन्हातून घरी आल्यासारखे. मी वर्षभर त्या कारखान्याच्या प्रत्येक कार्यक्रमाला जाऊन ओरडतोय. दर वेळी हा ग्लास वर धरतो, भाषण ठोकतो आणि ग्लास खाली ठेवतो. त्या दिवशी मात्र प्यायला. मला क्षणभर वाटलं, आपणच चुकलो की काय."

"बरं. पिंपाला हात कुणी लावला?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. फवारा पद्मजाच्या चपलेवर आला, तो त्यांनी बंद केला नाही. हळूच म्हणाले, "संजीवच्या आई. हळदीकुंकू लावत होत्या. हातात काहीतरी तांब्याचं होतं. छोटा गडू असावा."

पद्मजाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तांब्याचा गडू. आणि तांब्याच्या गडूत काय असतं, ते मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

४

तरीपण ती वाटेत देवांगकडे थांबली. नोकरी गेल्यापासून देवांग अल्कली पाण्याची मशीन विकत होता. एकाने मशीन घ्यायची, चार मित्रांना विकायची, त्या चौघांनी आणखी चौघांना, आणि शेवटी गावात मित्रच उरत नाहीत अशी ती स्कीम होती.

"काकू, बसा! आधी एक ग्लास घ्या. पीएच नाइन पॉइंट फाइव्ह आहे. ॲसिडिटी, गुडघे, केस, सगळं."

"मला केस आहेत. त्या दिवशी तू रीमाच्या टेबलाशेजारी स्टॉल का लावलास?"

देवांगचं तोंड पडलं. "आयडिया मस्त होती यार, काकू. आमच्याकडे थेंब असतात. पाण्यात टाकले की रंग बदलतो. शुद्ध केलेलं पाणी पिवळं होतं, म्हणजे ॲसिडिक. नळाचं निळसर होतं. माझ्या मशीनचं जांभळं. मी म्हटलं, सगळ्यांसमोर बी चं पाणी घेऊन दाखवू. पिवळं झालं की लोक घाबरतील आणि मशीन घेतील."

"किती नीच आयडिया आहे."

"थँक यू. पण फ्लॉप गेली. मी बी चं पाणी घेतलं, थेंब टाकले, तर निळसर! ए सारखंच! सेम टू सेम. मी गुपचूप ओतून टाकलं. माझे थेंब एक्स्पायर झाले असतील. प्लीज हे कुणाला सांगू नका, ऑलरेडी सेल डाऊन आहे."

"तू पिंपात काही टाकलंस?"

"मी फक्त बाहेर काढलं, काकू! आणि संजीवच्या इव्हेंटला मी कशाला हात लावू? तो माझा सगळ्यात वाईट कस्टमर आहे. पार्टीला, पिकनिकला, कुठेही जा, याची आपली घरची स्टीलची बाटली. माझं फ्री सॅम्पलसुद्धा कधी तोंडाला लावलं नाही त्याने. इन्सल्टच आहे ना?"

पद्मजाने ऐकलं, पण अर्ध्याच कानाने. तिला गडू दिसत होता. उठताना तिने देवांगला सांगून टाकलं, "काळजी करू नकोस. संध्याकाळपर्यंत प्रकरण मिटलेलं असेल. कुणी केलं ते मला कळलंय."

ते तिला कळलेलं नव्हतं.

५

"गंगाजल?" सुहासिनीबाई किंचाळल्या. "मी? त्या गटारात? माझं गंगाजल?"

संजीव ऑफिसात होता. घरात सुहासिनीबाई एकट्या, पुढ्यात विळी आणि गवारीचा ढीग. पद्मजाने आल्या आल्या तोफ डागली होती. 'ताई, पाणी पवित्र व्हावं म्हणून तुम्ही त्यात गंगाजल घातलंत. हेतू चांगला होता. पण गंगेचं पाणी वर्षानुवर्षं गडूत बंद, त्यात जंतू असणारच.' एवढं सगळं तिने एका दमात सांगितलं होतं.

सुहासिनीबाई ताडकन उठल्या, देवघरातून झाळलेला गडू घेऊन आल्या आणि पद्मजाच्या हातात आपटला. "बघ! हलव! झाळ फोडलीय का बघ! हा माझ्या तोंडात घालायला ठेवलाय, शेवटच्या घटकेला. त्या दिवशी हातात होती ती कुंकवाची कोयरी. गंगाजल काय मी कुठल्याही पिंपात ओतत फिरते?"

झाळ शाबूत होती. पद्मजाने गडू कानाशी हलवला. आवाज आला नाही. पुन्हा हलवला.

"ताई, यात पाणीच नाहीये."

"काय बोलतेस?"

गडूच्या बुडाला हिरवट चीर गेली होती. गंगा केव्हाच वाफ होऊन निघून गेली होती. सुहासिनीबाई गडूकडे बघत खाली बसल्या. शेवटच्या घटकेची एवढी तयारी आणि ऐन वेळी कोरडा गडू, हे त्यांना फार लागलं. पद्मजाला ओशाळल्यासारखं झालं. आयुष्यात इतका चुकीचा रिपोर्ट तिने कधी दिला नव्हता.

"जाऊ दे गं," थोड्या वेळाने सुहासिनीबाईच म्हणाल्या. "तू उन्हातून आलीस. पाणी तरी घे. त्या दिवशीसारखं नको व्हायला. कार्यक्रमाहून तहानलेली घरी येते तर घोटभर पाणी नाही. पुन्हा भरून गार व्हायला रात्र गेली."

त्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गेल्या आणि पेल्यात पाणी घेऊन आल्या. पद्मजाने पेला तोंडाशी नेला.

आणि तिचा हात तिथेच थांबला.

वास. तोच. कुजका भाग सोडून बाकी सगळा. ओल्या मातीचा, गवताच्या मुळांचा, उन्हाळ्याच्या सुट्टीचा. रीमाच्या सातारच्या आजीच्या घराचा.

"ताई," ती सावकाश म्हणाली, "तुम्ही यात वाळा घालता?"

"मग? वाळ्याशिवाय माठाचं पाणी म्हणजे काय पाणी? माठ इथे मिळाला, वाळा मी पुण्याहून आणला. मागच्या खेपेला आणला होता, अजून तस्साच आहे!"

पद्मजाने माठाचं झाकण उचलून आत वाकून पाहिलं. तळाशी वाळ्याची जुडी पडली होती. काळी, बुळबुळीत, तिच्यावर कसलीशी शेवाळी दाढी वाढलेली. माठाच्या आतल्या अंगाला बोट फिरवलं, तर बोटावर जेलीसारखा थर आला. शेजारी खिळ्याला ओगराळं लटकत होतं. त्याच्या दांड्यावर गवारीचे धागे आणि कणकेची पुटं होती.

आयुष्यात पहिल्यांदाच पद्मजा दिघेला जंतूंची किळस आली, आणि तिने पेला न पिताच बेसिनमध्ये ओतला.

६

"मावशी, म्हणजे आजींनी वाळा टाकला? डिस्पेन्सरमध्ये?" रीमाने विचारलं. ती पद्मजाच्या सांगण्यावरून कारखान्याच्या तोटीचं ताजं पाणी घेऊन आली होती. "आय मीन, फ्लेवर म्हणून?"

"मलाही आधी तेच वाटलं. पण आज एकदा माझं हसं झालंय. आता आधी पातेली, मग बडबड."

तिने शेगडीवर तीन छोटी स्टीलची पातेली ठेवली. एकात कारखान्याचं ताजं पाणी, दुसऱ्यात घरच्या नळाचं, तिसऱ्यात बी पिंपातलं उरलेलं. तिन्ही पाणी आटवलं. बी चं पाणी तापताच घरभर असा वास सुटला, की रीमा खिडकी उघडून अर्धी बाहेर लटकली.

पाणी संपलं. पद्मजाने पातेली गार करून उन्हात धरली.

"बघ. कारखान्याचं?"

"काहीच नाही. शाइनी."

"त्यातले क्षार तुमच्या मशीनने काढून टाकलेत. नळाच्या पाण्याचं?"

"व्हाइट रिंग. आमच्या किटलीत असते तशी."

"आता बी."

रीमाने नाकाला ओढणी लावून पाहिलं. "व्हाइट रिंग. सेम. पण मावशी, बी तर कारखान्याचं पाणी होतं."

"चांगल्या पाण्यात कुणी घाण टाकली, वाळा टाकला, अगदी उंदीर टाकला, तर घाण येईल. पण हे क्षार कुठून येतील? तेही गावाच्या नळाइतकेच? देवांगचे थेंब एक्स्पायर झालेले नव्हते. ते बिचारे खरं बोलत होते. त्या पिंपात कुणी काही टाकलंच नाही, रीमा. त्या पिंपात कारखान्याचं पाणी नव्हतंच कधी. नळाचं, म्हणजे डेल्टाचंच पाणी, माठात मुरलेलं."

रीमाने नाकावरची ओढणी खाली घेतली. 

"बी... सर घेऊन आले होते."

"हं."

"पण व्हाय? हा त्यांचाच प्लॅन आहे! आठ वर्षं!"

पद्मजाने पातेली बेसिनमध्ये टाकली आणि साबण घेऊन हात कोपरापर्यंत धुतले. "ते मी त्यालाच विचारणार आहे. सगळ्यांसमोर."

७

गुरुवारी बोर्डाचा हॉल भरला होता. इथे जनतेला बोलू देतात, पण प्रत्येकाला तीनच मिनिटं. समोर दिवा असतो. हिरवा, पिवळा, लाल. लाल झाला की माइक बंद, मग तुम्ही खुनाचा उलगडा करत असलात तरी.

संजीव पुढे बसला होता. गंभीर, दाढी केलेला, मिशी जागेवर. शेजारी त्याची स्टीलची बाटली.

"सगळ्यांत दुःख मला आहे," तो बोर्डापुढे म्हणाला. "पाणी उत्तम होतं. पण हाताळणीत एका ज्युनियर सहकाऱ्याकडून चूक झाली. त्यावर कारवाई करावी लागेल. आणि लोकांचा विश्वास उडालाच आहे, तर प्लॅन तूर्त मागे घ्यावा, असं जड मनाने सुचवतो."

मन जड असल्याचं फक्त त्यालाच जाणवत असावं. रीमा मागच्या रांगेत ताठ बसली होती.

पद्मजा उठली. दिवा हिरवा झाला. तिने इंग्लिशमध्ये सुरुवात केली. पातेली, पांढरी कडी, थेंब. वाळा म्हणजे काय हे बोर्डाला समजावण्यात दिवा पिवळा झाला. "आणि हे पाणी ज्या घरातून आलं, ते..." एवढ्यात लाल. माइक बंद.

हॉलमध्ये हळहळ झाली. नियम म्हणजे नियम, असं अध्यक्षबाई म्हणाल्या.

"माझी तीन मिनिटं यांना द्या!" मागून गुरुदत्तकाका ओरडले. "मी विरोधात आहे! पण मला शेवट ऐकायचाय!"

दिवा पुन्हा हिरवा झाला. पद्मजा माइक सोडून सरळ संजीवच्या टेबलाशी गेली. रीमाने कारखान्याच्या तोटीचं ताजं पाणी एका ग्लासात ओतून दिलं. पद्मजा आधी स्वतः अर्धं प्यायली, रीमाने उरलेलं संपवलं, मग पद्मजाने दुसरा स्वच्छ ग्लास भरून संजीवपुढे ठेवला.

"पी," ती मराठीत म्हणाली.

"काकू, हे काय लावलंय?"

"तुझ्याच कारखान्याचं आहे. तुझंच बाळ. पी."

संजीवने ग्लास उचलला. हॉलकडे वळला. "मित्रहो," तो म्हणाला, "या ग्लासात आपल्या प्रदेशाचं भविष्य आहे. डेल्टावरचा आपला भार..."

"भाषण नको. गुरुदत्तच्या तीन मिनिटांतलं एक गेलं. पी."

ग्लास ओठांपर्यंत आला. संजीवच्या कपाळावर घाम आला. ग्लास टेकला, एक थेंब आत गेला असेल नसेल. त्याचे डोळे बाहेर आले, गळ्याची घाटी खालीवर झाली, आणि मग 'ओक मेसा विभागीय जलनियोजन, अंतिम मसुदा' या, बोर्डाच्या प्रत्येक सभासदापुढे ठेवलेल्या जाडजूड पुस्तकावर दुपारचा थालीपीठ-दही असा संपूर्ण बेत परत आला.

अध्यक्षबाईंनी पाय वर घेतले. दिवा पिवळा झाला.

"नाही जमत मला," रुमालाने मिशी पुसत संजीव म्हणाला. आवाज अगदी लहान मुलासारखा झाला होता. "सायन्स मला कळतं. सगळे रिपोर्ट मीच केलेत. पण पाइप कुठून येतो तेही मला माहीत आहे ना, काकू! घशाखाली उतरत नाही. दर वेळी भाषण करून वेळ मारून नेली. त्या दिवशी टीव्हीवाले म्हणाले, प्यायचा शॉट हवाच. म्हणून घरून आणलं. आईच्या माठातलं. त्याहून शुद्ध पाणी जगात आहे का?"

"रिपोर्ट आल्यावरही तसंच वाटलं?"

"आईच्या पाण्यात जंतू? शक्यच नाही! मला खरंच वाटलं, की रीमाने पिंप धुतलं नाही."

"आणि पाणी बदललं, एवढं एक वाक्य बोलला असतास, तर प्लॅन त्या दिवशीच वाचला असता."

संजीव मसुद्याचं पान रुमालाने पुसायला लागला.

रीमा पुढे आली होती. "सर, तुम्ही मला फायर करणार होता."

"तू यंग आहेस गं," संजीव अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुला कुठेही जॉब मिळाला असता. माझं मॉर्गेज आहे."

पद्मजाने त्याच्याकडे पाहिलं. माठाच्या तळाची जुडी तिला आठवली, आणि तिला वाटलं, त्या जुडीला निदान आपण कुजलोय हे कुणापासून लपवायचं नव्हतं. ती काही बोलणार होती. दिवा लाल झाला.

८

बोर्डाने प्लॅन मंजूर केला. एकानेच विरोधी मत दिलं, तेही त्याच्या पुस्तकावर सगळ्यात जास्त उडालं होतं म्हणून. रीमाची नोकरी राहिली. चौकशी होईपर्यंत संजीवला पगारी सुट्टी मिळाली. त्या सुट्टीत त्याला एका मोठ्या परिषदेचं बोलावणं आलं, 'पुनर्वापराच्या पाण्याविषयीची किळस लोकांच्या मनातून कशी घालवावी' या विषयावर बोलायला. तो गेला. भाषण चांगलं झालं म्हणे. स्टीलची बाटली घेऊन गेला होता.

रीमाने कार्यक्रम पुन्हा ठेवला. या वेळी पिंप नाही, टेबल नाही. कारखान्याच्या तोटीखाली आपला आपण ग्लास धरायचा. पद्मजा पहिल्या रांगेत होती. मेयरबाई आल्या, घाबरत एक घोट घेतला, वास घेतला, पुन्हा घेतला आणि ग्लास भरून प्यायल्या. मग सगळा गाव तोटीवर तुटून पडला. देवांग प्यायला. गुरुदत्तकाका निषेध म्हणून प्यायले आणि खात्री करायला आणखी एकदा प्यायले. ऊन कडक होतं. लोक रांगेत लागत होते, पीत होते आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहत होते. रीमा हसत होती. पद्मजाला बऱ्याच दिवसांनी माणसं बघून काही वाटलं नाही, म्हणजे तिच्या हिशेबात छानच वाटलं.

तासाभराने मेयरबाईंनी रीमाला बाजूला घेऊन कानात काहीतरी विचारलं. मग गुरुदत्तकाकांनी विचारलं. मग सगळ्यांनीच विचारलं.

कारखान्यात पाहुण्यांसाठी एकच संडास होता. तो बंद होता. त्याला पाणी येत नव्हतं.